पर्ल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इसमाबाबत

नाव : चेस्टर म्रोझ. वय : ७६ वर्षे. धंदा : सध्या काही नाही, पूर्वी चामडे कमावण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षे कामगार. शिक्षण : आठवी. राहणार : मिलवॉकी शहर, दक्षिण भाग. घर क्रमांक अधिकारी बाईंनी माझ्या ओळखपत्रावरून उतरवून घेतला आहे, मी तोंडाने सांगितलेला नाही.

मी आज मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर झालो आणि ऑर्टेगा नावाच्या अधिकारी बाईंसमोर बसून सांगतो की,

माझा एक मित्र रविवारी दुपारपासून बेपत्ता आहे. त्याला पर्ल म्हणतात. वय एकोणऐंशी. अंगाने बारीक, माझ्यापेक्षा दोन बोटे उंच, डोळे निळे, केस पांढरे पण अजून दाट. उभा राहतो तेव्हा डावा खांदा किंचित खाली असतो. डाव्या कानात मोत्याची बारीक कुडी. रविवारी अंगात फिक्या पिवळ्या रंगाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पांढरी विजार व डोक्यावर गवती हॅट होती. हृदयाचे दुखणे आहे. गोळ्या रोज रात्री घ्याव्या लागतात.

पर्ल हा पुरुष आहे. बाईंनी विचारले म्हणून सांगतो. आमच्या मंडळींत एकमेकांना बायकी नावाने हाक मारायची आणि बायकांसारखे बोलायचे, ही जुनी रीत आहे. मला डॉटी म्हणतात. ते इथे लिहावे लागेल असे वाटले नव्हते.

पर्लचे खरे नाव मला माहीत नाही.

बाईंनी हा प्रश्न तीन वेळा विचारला. एकेचाळीस वर्षांची ओळख आणि नाव माहीत नाही, हे त्यांना पटत नाही. त्याचा खुलासा असा, की आमची ओळख सेकंड स्ट्रीटवर कॅनरी नावाचा बार होता तिथे झाली. तो बंद होऊन बावीस वर्षे झाली. तिथे कुणाला खरे नाव, कामाचे ठिकाण आणि राहण्याचा रस्ता विचारायचा नाही असा नियम होता. नवा माणूस आला की बारची मालकीण त्याला एक नाव द्यायची आणि तेच पुढे चालायचे. दारात उभे राहून कुणी खऱ्या नावाने चौकशी करू लागला, तर असा कुणी इथे येत नाही म्हणायचे, मग तो माणूस आपल्याच शेजारी बसून बीयर पीत असला तरी. खऱ्या नावाने विचारत येणारा हा एक तर पोलीस असतो, नाही तर बायकोचा भाऊ, नाही तर धमकावून पैसे उकळणारा. चौथा प्रकार माझ्या पाहण्यात आलेला नाही.

बाई म्हणाल्या की आता तसे दिवस राहिले नाहीत. नसतील. त्यांच्या बिल्ल्याखाली रंगीबेरंगी पट्टी लावलेली आहे, ती मी आत येताक्षणी पाहिली. ती का लावली असे मी विचारले. जून महिना आहे म्हणून, असे त्या म्हणाल्या. जुलैत काढता का, असे मी विचारले. त्यावर त्यांनी माझ्यासमोर कॉफी ठेवली. ती मी प्यालो नाही. हेही लिहून घ्यावे असे मी म्हणालो, म्हणून लिहिले आहे.

सन १९७१ मध्ये दुसऱ्या एका गावी, ज्याचे नाव मी सांगत नाही, मला एका बारमधून इतर अकरा जणांसह गाडीत घालून ठाण्यावर नेले होते. मी तिथे सगळे खरे सांगितले, कारण तेव्हा मला वाटे की खरे सांगितले की सोडतात. तिसऱ्या दिवशी आमची नावे पेपरात आली. वडिलांनी पेपरची घडी करून माझ्या ताटाशेजारी ठेवली. त्यानंतर मी त्या घरी जेवलो नाही. त्यानंतर मी पोलिसांना कुणाचेही नाव सांगितलेले नाही.

रविवारची हकीकत अशी. प्राइडच्या, म्हणजे जूनमध्ये आमच्यासारख्यांची निघते त्या मिरवणुकीला आम्ही तिघे दरवर्षी बरोबर जातो. मी, पर्ल आणि मेबल. मेबल सध्या ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर बसला आहे. त्याने अठ्ठावीस वर्षे शहराची बस चालवली, त्यामुळे निम्मे गाव त्याला ओळखते. त्याचे खरे नाव मला माहीत आहे, पण मी देणार नाही. त्याला तोंड आहे, तो स्वतः सांगेल.

मिरवणुकीत म्हाताऱ्यांसाठी एक बुटकी उघडी गाडी असते. एक फुलवाला ती फुकट देतो, का देतो ते मला माहीत नाही. तिच्यावर घडीच्या खुर्च्या मांडतात. आम्ही साडेबाराला जमलो. मिरवणूक दोनला निघाली. ऊन इतके होते, की डांबर बुटाला चिकटत होते. एक मुलगी सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटत होती. बाटलीचे झाकण आधी उघडलेले आहे की नाही हे मी तपासून पाहिले. मेबल माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हिला चर्चमधलं पवित्र पाणी दिलं तरी आधी मला प्यायला लावेल." पर्ल हसला. पर्लने बाटली घेतली नाही, त्याला लिंबाचे सरबत हवे होते. ते मी आणून दिले.

पर्लला खुर्चीत बसायचे नव्हते. पुढल्या वर्षी मला मधोमध उभी करा, असे तो म्हणाला, बसलेली राणी कुणाला दिसते. मेबल म्हणाला, तुला उभी करायला आधी खालून दोन बांबू लावावे लागतील. असे त्यांचे चालू होते. मी त्यात नव्हतो, कारण माझे लक्ष एका माणसाकडे होते.

तो माणूस मला पहिल्यांदा दीडच्या सुमारास सरबताच्या गाड्याजवळ दिसला. वय पंचावन्न ते साठ. अंगात पांढरा शर्ट, इस्त्रीची विजार, पायात तपकिरी चामड्याचे बूट. चामडे मला कळते. ते बूट महाग नव्हते, पण पॉलिश त्याच दिवशी सकाळी केलेले होते. मिरवणुकीला कुणी बुटांना पॉलिश करून येत नाही. हातात झेंडा नाही, पाणी नाही, बरोबर कुणी नाही. बगलेत तपकिरी पाकीट. तो टाळ्या वाजवत नव्हता. समोरून पंख लावलेली पोरे नाचत आपापल्या जागेवर गेली, ढोलवाले गेले, बाबागाड्या ढकलणाऱ्या बायका गेल्या, त्याने मान वळवली नाही. तो फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघत होता. एकाकडे बघून झाले की दुसऱ्याकडे.

दोन वाजून पंधरा मिनिटांनी तो पुन्हा दिसला. आमच्या गाडीबरोबर पदपथावरून चालत होता. गाडी थांबली की थांबायचा. मी मेबलला सांगितले. मेबल म्हणाला, "अगं, साठीचा बाप्या आपल्याकडे बघतोय तर बघू दे की. पंचवीस वर्षांनी कुणीतरी बघतंय." मी म्हणालो, तो तसा बघत नाही. मेबल म्हणाला, तसं कसं बघतात ते तुला आठवतंय, म्हणजे कमालच आहे.

पर्लला मी तेव्हा काही सांगितले नाही.

कॅनरी जिथे होता तिथे आता सायकलींचे दुकान आहे. त्या कोपऱ्यावर म्हाताऱ्यांची गाडी पंधरा मिनिटे थांबते. आम्ही उतरतो आणि भिंतीला तळहात लावून उभे राहतो. बोलायचे काही नसते. दुकानाचा मालक दरवर्षी त्या दिवशी सायकली आत घेतो, एवढे त्याला समजते. माझ्या गुडघ्यामुळे मी सगळ्यात मागून उतरलो. पर्ल पुढे भिंतीपाशी होता, त्याची पाठ आमच्याकडे होती. त्या माणसाने मला तिथे गाठले. वेळ दोन वाजून चाळीस मिनिटे.

त्याने मला सर म्हटले. मला कुणी सर म्हणत नाही. पोलीस म्हणतात. त्याने पाकिटातून काड्यापेटी काढून दाखवली. ती कॅनरीची होती, पिवळ्या पक्ष्याचे चित्र असलेली. बावीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या बारची काड्यापेटी कुणाकडे असेल, हे मी स्वतःला विचारले. पोलिसांच्या फायलीत असेल, असे माझे मला उत्तर मिळाले. मग त्याने एक फोटो दाखवला. पांढऱ्या लाकडी घरापुढे कोट घातलेला एक तरुण, त्याच्याशेजारी एक बाई आणि बाईच्या कडेवर मूल. त्याने एक नाव घेतले आणि या माणसाला तुम्ही ओळखता का असे विचारले. मी नाही म्हणालो. फोटो मी नीट पाहिला नाही. त्याने पुन्हा विचारले, हलक्या आवाजात. मी पुन्हा नाही म्हणालो आणि पलीकडे बंदोबस्ताला असलेल्या पोलीस शिपायाकडे गेलो. हा माणूस म्हाताऱ्या लोकांना त्रास देतो आहे, असे मी शिपायाला सांगितले. पोलिसाकडे आपण होऊन जाण्याची माझी ती पहिली वेळ. शिपायाने त्या माणसाला बाजूला घेतले आणि वहीत काही लिहू लागला.

मग मी पर्लकडे गेलो. एक माणूस तुझी चौकशी करतो आहे, तू निघून गेलेले बरे, असे सांगितले. पर्लने काही विचारले नाही. हातातल्या पेल्यात उरलेले निम्मे सरबत त्याने माझ्याकडे दिले आणि दुकानाच्या बाजूच्या बोळाने नॅशनल अॅव्हेन्यूच्या दिशेने गेला. त्या वेळी दोन वाजून पन्नास मिनिटे झाली होती. बोळात सावली नाही. तो भराभर चालत होता. इतका भराभर चालताना मी त्याला अलीकडे पाहिले नव्हते. त्यानंतर तो मला दिसलेला नाही.

मेबल त्या वेळी भिंतीपाशी डोळे मिटून उभा होता. पर्ल कुठे गेली असे त्याने गाडीत बसल्यावर विचारले. तिला ऊन सोसेना, घरी गेली, असे मी सांगितले.

दर रविवारी पर्ल माझ्याकडे जेवतो. बटाटे, सॉसेज आणि कोबी. त्या दिवशी मी सहाला ताटे मांडली. आठ वाजता एक उचलले. पर्लकडे मोबाईल नाही.

सोमवारी सकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो. तो चपला-बूट शिवणाऱ्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. घरमालकीण त्याला मिस्टर पर्ल म्हणते, तिलाही दुसरे नाव माहीत नाही. तिने दार उघडून दिले. अंथरूण नीट घातलेले होते. गोळ्यांच्या डबीत रविवारचा कप्पा तसाच भरलेला होता. औषधाच्या बाटल्यांवर नाव असेल, असे बाई म्हणतात. नाही. पर्ल बाटली आणल्याबरोबर तिच्यावरचा कागद नखाने खरवडून काढतो. मिरवणुकीला जातानाही आम्ही खिशात नाव लिहिलेली कुठलीही वस्तू नेत नाही. पाकीट नाही, ओळखपत्र नाही. किल्ली, रुमाल आणि बसचे भाडे. छापे पडत तेव्हापासूनची सवय आहे. मेबलने ती केव्हाच सोडली. पर्लने आणि मी सोडली नाही.

सोमवारी दुपारी मी मेबलला खरे काय ते सांगितले, म्हणजे पर्ल घरी गेला नसून मी त्याला पाठवला, इतके. मग त्याने हॉस्पिटलांना फोन केले. प्रत्येक ठिकाणी पेशंटचे नाव विचारले. तो पर्ल म्हणाला. आडनाव विचारले. तिथे बोलणे संपले.

आज त्याने मला इथे आणले. दारातून मी दोनदा परत फिरलो. मेबल म्हणाला, तूच आत जायचं, मी जाणार नाही. मी गेलो तर तू बाहेर बसून पळायला वाट कुठं आहे तेवढंच बघत बसशील.

बाईंचे म्हणणे असे, की रविवारच्या उन्हाने शहरात तीन अनोळखी म्हातारे पुरुष तीन हॉस्पिटलांत दाखल झाले आहेत. एक बेशुद्ध आहे. एक आज पहाटे वारला. एक शुद्धीवर आहे पण काही सांगत नाही. मी दिलेले वर्णन तिघांपैकी कुणालाही लागू पडेल, आणि कानातली कुडी, कपडे वगैरे वस्तू दाखल करतानाच काढून ठेवतात, त्यांची यादी आलेली नाही. नाव मिळाले तर जुने कागद, जुन्या शस्त्रक्रिया, काहीतरी जुळवता येईल. नावाशिवाय कुणी त्यांना पलंगापर्यंत जाऊ देणार नाही, मला तर नाहीच.

वारला तो कोणत्या हॉस्पिटलात, असे मी विचारले. त्यांनी सांगितले नाही.

मग त्या म्हणाल्या की शिपायाच्या वहीत त्या माणसाचे नाव व फोन आहे, पण फोन अजून लागत नाही, आणि वहीत पुढे फक्त समज देऊन सोडले, एवढेच आहे. तो माणूस कोणाला शोधत होता, त्याने कोणते नाव घेतले, ते शिपायाने लिहिलेले नाही. ते तुम्ही ऐकले आहे, असे बाई म्हणाल्या. आठवत नाही, असे मी सांगितले. कपड्यांची इस्त्री आठवते, बुटांचे पॉलिश आठवते, वेळ मिनिटाला आठवते आणि नाव आठवत नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवले. मेजावर आवाज टिपणारे यंत्र आहे, त्याचा तांबडा दिवा चालू होता. मी तो बंद करायला सांगितला. त्यांनी बंद केला. मला तरी भरवसा वाटला नाही.

मला पाणी प्यायचे आहे म्हणून मी बाहेर गेलो. मेबल बाकावर होता. नाव मागतात, असे मी त्याला सांगितले. मेबल म्हणाला, "नियम तिला वाचवायला होता ना? मग सांग बघू, कुठंय ती." मी पाणी न पिता परत आलो.

वर मी असे सांगितले आहे की पर्लचे खरे नाव मला माहीत नाही. ते खरे नाही. ती ओळ खोडायची का, असे बाईंनी विचारले. खोडू नये. तेही मीच बोललो आहे.

त्या माणसाने जे नाव घेतले ते ऑर्विल हाउगेन असे होते.

रविवारपर्यंत मला ते ठाऊक नव्हते, हे मात्र खरे आहे. रविवारपासून ते माझ्याजवळ आहे. मी ते कुणापुढे उच्चारले नव्हते, घरी एकटा असतानाही नाही. बाईंनी ते लिहिले. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. लिहून झाल्यावर मला ते पुसून टाकावेसे वाटले, पण पेन त्यांच्या हातात होते.

बाई दार ओढून घेऊन बाहेर गेल्या. दाराला कडी लागली की नाही ते मी उठून पाहिले. लागली नव्हती. त्या सतरा मिनिटांनी परत आल्या.

त्यांनी सांगितले ते असे. तिन्ही ठिकाणी त्यांनी फोन केला. दुसऱ्या हॉस्पिटलातल्या नर्सने पलंगापाशी जाऊन ते नाव मोठ्याने घेतले. शुद्धीवर असलेला म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो वळला नाही, पण त्याने पांघरूण मुठीत धरले. नर्स तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने त्याने भिंतीकडेच बघत विचारले, "तो पोलीस गेला का?"

तो रविवारी तीन वाजून पस्तीस मिनिटांनी नॅशनल अॅव्हेन्यूवरच्या बसथांब्याच्या मागे बसलेला सापडला. शरीरातले पाणी गेले होते, माकडहाडाला मार आहे. जिवाला आता धोका नाही. दोन दिवसांत त्याने नर्सला, डॉक्टरांना, जेवण आणणाऱ्या पोराला तेवढी एकच गोष्ट विचारली आहे. पोलीस गेला का. तो अजून दाराबाहेर आहे का. डॉक्टरांनी भ्रम आहे असे लिहून ठेवले.

कोणता पोलीस, असे बाईंनी मला विचारले. बंदोबस्तावरचा शिपाई पर्लशी बोललाच नव्हता.

याबाबत माझे सांगणे असे. वर मी लिहून दिले आहे, की एक माणूस तुझी चौकशी करतो आहे असे मी पर्लला सांगितले. माझे शब्द तसे नव्हते. माझे शब्द असे होते : "पोलीस आलाय. तुझं खरं नाव घेऊन विचारतोय. पळ."

तो माणूस पोलीस नाही हे मला तेव्हा माहीत होते का, असे बाईंनी विचारले. होय. दीड वाजता माहीत नव्हते. दोन वाजून पंधरा मिनिटांनीही मी तो पोलीस असावा असेच धरून चाललो होतो. दोन वाजून चाळीस मिनिटांनी तो माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा माहीत झाले. तो डावा खांदा खाली टाकून उभा होता. फोटो मी नीट पाहिला नाही असे वर आहे, तेही बरोबर नाही. मी तो पुष्कळ वेळ पाहिला. फोटोतल्या तरुणाचाही खांदा तसाच होता. बाईच्या कडेवरचे मूल कोण असेल ते मला समजले.

शिपायाकडे मी त्यानंतर गेलो.

पर्लला मुलगा आहे हे मला आधीपासून माहीत होते का, असे विचारले. मार्च महिन्यापासून. तो बर्फावरून घसरून पडला, तेव्हा मी त्याला नऊ दिवस माझ्याकडे ठेवून घेतले होते. एके संध्याकाळी बटाटे सोलताना तो आपण होऊन बोलला. वर उत्तरेला सरोवराच्या काठी बायको होती, मुलगा दोन वर्षांचा असताना त्याने घर सोडले. मुलाचे नाव कर्ट. तो म्हणाला, "तो कधी शोधत आला ना डॉटी, तर मी जाईन गं त्याच्याबरोबर. तू रागावू नकोस." मी नाही रागावणार, असे म्हणालो होतो. मग आम्ही जेवलो.

बाईंनी विचारले, की हे सगळे ठाऊक असताना पर्लला पोलीस असे का सांगितले. कारण विचारले असे लिहावे. कारण सांगितले नाही असे लिहावे.

कर्ट हाउगेन हे अजून शहरात आहेत, विमानतळाजवळच्या एका लॉजवर. बाईंचा फोन या वेळी लागला आणि त्यांच्याशी बोलणे झाले. त्यांची आई जानेवारीत गेली. तिच्या शिवणाच्या पेटीत तळाशी ती काड्यापेटी आणि तो फोटो होता. काड्यापेटीवर छापलेल्या रस्त्यावरून ही मिरवणूक जाते एवढे त्यांनी शोधून काढले आणि सहा तास गाडी चालवून आले. रविवारी सगळे म्हातारे नाही म्हणाले, एकाने तर पोलिसांत दिले, असे ते बाईंना म्हणाले. तो मी, असे बाईंनी त्यांना सांगितलेले नाही.

वडील सापडले आहेत हेही अजून त्यांना सांगितलेले नाही. पेशंट शुद्धीवर आहे, तेव्हा त्याला विचारल्याशिवाय पत्ता देता येत नाही, असा कायदा आहे. आणि पेशंट पोलिसांशी बोलत नाही. बाई वर्दी उतरवून जायला तयार होत्या. मी नको म्हणालो. पर्ल बुटांवरून ओळखेल.

तेव्हा मी जातो असे मी सांगितले आहे. बाईंनी पोलिसांची गाडी देऊ केली, ती घेत नाही. मेबलला बसचे सगळे मार्ग पाठ आहेत. हॉस्पिटलच्या कागदावर मी पेशंटचा कोण ते भरावे लागेल, असे बाई म्हणाल्या. ते तिथे गेल्यावर पर्ल सांगेल तसे भरीन, तो अजून माझ्याशी बोलणार असेल तर.

मी पर्लला सांगणार आहे, की पोलीस नव्हता. कोण होता ते सांगणार आहे. तो थांबला आहे, बोलावू का, असे विचारणार आहे. तुला हे केव्हा कळले, असे पर्ल मला विचारेल. तो विचारल्याशिवाय राहणार नाही, मी त्याला ओळखतो. त्याला मी दोन वाजून चाळीस मिनिटे अशी वेळ सांगणार आहे.

हा मजकूर बाईंनी मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. मी मध्ये दोनदा थांबवले, दोन्ही वेळा पुढे वाचा असे मीच सांगितले. मी बोललो तेच कागदावर आले आहे आणि त्यात कुणी माझ्या वतीने काही घातलेले नाही. आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारले. पेशंटला भेटायची वेळ एक वाजता संपते आणि मध्ये एक बस बदलावी लागते, म्हणून इथेच सही करतो.

(सही) चेस्टर म्रोझ

समक्ष : ऑर्टेगा, जबाब घेणारी अधिकारी. वेळ दुपारी बारा वाजून पाच मिनिटे.